रक्कम दिसली म्हणजे पैसे आले का? काउंटरवरचे बिटकॉइन आणि मधली ती मिनिटे

प्रश्न कोरेगाव पार्कातल्या चांदीच्या दागिन्यांच्या एका दुकानदारांचा आहे. एका परदेशी गिऱ्हाइकाने ३८,००० रुपयांचा माल निवडला आणि बिटकॉइनने पैसे देऊ का, असे विचारले. दुकानदारांच्या मुलाच्या फोनवर वॉलेट होते. गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘पाठवले’ अशी खूण उमटली. मुलाच्या फोनवर रक्कम दिसली, पण खाली ‘अनकन्फर्म्ड’, म्हणजे अजून पक्के नाही, असे लिहिले होते. वडिलांनी माल थांबवला आणि चहा मागवला. कन्फर्म व्हायला ३४ मिनिटे लागली आणि गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून गेले. मुलाचे म्हणणे असे की रक्कम दिसताच माल द्यायला हवा होता, जगभर तसेच करतात. वडिलांचे म्हणणे, पैसे आल्याशिवाय माल नाही. दोघांत बरोबर कोण?

माल थांबवलात ते योग्यच केलेत. पण चिरंजीवांचे म्हणणेही हवेतून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः दुकानदारांना तेच सांगत होते आणि तसे सांगायला आधार होता. तो आधार आता उरलेला नाही. हे नीट उलगडावे म्हणून जरा मुळापासून लिहिते. गेली बारा वर्षे मी दुकानांसाठी क्रिप्टो पेमेंटची यंत्रणा बांधते. बसते पुण्यात, काम मात्र बहुतेक युरोप आणि लॅटिन अमेरिकेतल्या दुकानांचे.

मुलाच्या फोनवर दिसले ते पैसे नव्हते. तो पैसे देण्याचा सही केलेला आदेश होता. चेक मिळणे आणि चेक वटणे यांत आपण कधी गल्लत करत नाही, इथेही तोच फरक आहे. गिऱ्हाइकाने ‘पाठवा’ दाबले की हा आदेश काही सेकंदांत जगभरच्या हजारो नोडांकडे, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांकडे, पोहोचतो. प्रत्येक नोड सही खरी आहे का आणि हे बिटकॉइन आधी खर्च तर झालेले नाहीत ना, ते तपासतो आणि आदेश आपल्या मेमपूलमध्ये ठेवतो. मेमपूल म्हणजे वाट पाहणाऱ्या आदेशांची टोपली. मायनर, म्हणजे फी आणि बक्षिसासाठी हे काम करणारे, त्या टोपलीतून जास्त फीचे आदेश आधी उचलतात, त्यांचा ब्लॉक म्हणजे गठ्ठा करतात आणि तो साखळीला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक खातेवहीला, जोडतात. चेक वटतो तो त्या क्षणी. त्याआधी त्याच बिटकॉइनवर दुसरा चेक फाडता येतो, एक तुमच्या नावाचा आणि एक स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटच्या नावाचा. वटणार दोन्हींतला एकच, आणि कोणता ते ब्लॉक आल्यावरच ठरते. डबल स्पेंड म्हणतात ते हेच.

चेकची तुलना एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. चेक परत आला तर त्यावर नाव असते, बँक असते, आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली कोर्टात जाता येते. न वटलेल्या बिटकॉइन आदेशावर यांतले काहीच नसते. माणूस नॉर्थ मेन रोडवर रिक्षात बसला की तुमच्याकडे उरतो फक्त स्क्रीनवरचा एक आकडा, आणि थोड्या वेळाने तोही नाहीसा होतो.

आता त्या ३४ मिनिटांबद्दल. ‘दर दहा मिनिटांनी ब्लॉक येतो’ हे वाक्य लोक एसटीच्या वेळापत्रकासारखे ऐकतात आणि तिथेच फसगत होते. दहा मिनिटे ही सरासरी आहे. दर २,०१६ ब्लॉकनंतर ब्लॉक शोधण्याचे काठिण्य जुळवून घेऊन नेटवर्क ती सरासरी राखते. पण एकेक ब्लॉक म्हणजे सोडत असते. वीस मिनिटे एकही ब्लॉक न येण्याची शक्यता सुमारे साडेतेरा टक्के, अर्धा तास न येण्याची पाच टक्के, आणि तासभर न येण्याची साधारण चारशेत एक. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक येतात, म्हणजे अर्ध्या तासाहून मोठी पोकळी रोज सात-एक वेळा पडतेच. आणि सोडतीला आठवण नसते. स्वारगेटला वीस मिनिटे उभे राहिलात तर बस जवळ आली असे समजायला जागा असते. इथे वीस मिनिटे थांबून झाल्यावरही पुढच्या ब्लॉकला सरासरी दहाच मिनिटे बाकी असतात. म्हणून गिऱ्हाइकाला ‘दहा मिनिटांत होईल’ असे कधीही सांगू नका. ‘अर्धा-पाऊण तास धरा, लवकर झाले तर बरेच’ असे सांगा. आधी सांगितलेला पाऊण तास माणूस शांतपणे काढतो. न सांगता गेलेली ३४ मिनिटे त्याला अपमान वाटतात.

तुमच्या बाबतीत पोकळी पडलीच नव्हती. तुम्ही मला कळवलेला गिऱ्हाइकाचा व्यवहार मी साखळीवर उघडून पाहिला. त्या वेळात तीन ब्लॉक येऊन गेले आणि तुमचा व्यवहार चौथ्यात लागला. कारण फी. गिऱ्हाइकाच्या वॉलेटने सर्वांत स्वस्त दर निवडला होता. बिटकॉइनची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती बाइटची जागा घेतो त्यावर ठरते. म्हणून ३८,००० रुपयांच्या आदेशालाही अगदी किरकोळ फी लावता येते आणि मग तो रांगेत मागे पडतो. गर्दीच्या दिवसांत ही रांग भयंकर लांबते. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी फी पन्नास डॉलरच्या वर गेली होती, आणि २० एप्रिल २०२४ ला, हाल्विंगच्या (मायनरचे बक्षीस निम्मे होण्याच्या) दिवशी, ती शंभर डॉलरच्या पुढे होती. अशा दिवशी स्वस्त फीचा आदेश दिवसेंदिवस पडून राहतो. बिटकॉइन कोअर या बहुतेक नोड वापरतात त्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगप्रमाणे मेमपूलची टोपली ३०० एमबीची असते. ती भरली की सर्वांत कमी फीचे आदेश बाहेर टाकले जातात, आणि एरवीही १४ दिवस पडून राहिलेला आदेश काढला जातो. इथे कोणी लबाडी केलेली नसते. गिऱ्हाईक प्रामाणिक असते, आपण पैसे दिले असे त्याला मनापासून वाटत असते, आणि पैसे त्याच्याच वॉलेटमध्ये परत दिसू लागतात, तोवर तो आपल्या देशात पोहोचलेला असतो. माझ्या अनुभवात दुकानांचे पैसे चोरांपेक्षा अशा अडकलेल्या आदेशांत जास्त अडकले आहेत.

आता चिरंजीवांचा मुद्दा. जुलै २०१० मध्ये खुद्द बिटकॉइनच्या निर्मात्याने, सातोशी नाकामोतोने, खाऊच्या मशीनचे उदाहरण घेऊन लिहिले होते की पेमेंट सांभाळणारी कंपनी दहा सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पुरेशी खात्री करून देऊ शकेल. विचार साधा होता. नोड जो आदेश पहिला पाहतो तो ठेवतो आणि त्याच बिटकॉइनवरचा दुसरा आदेश नाकारतो. मग तुमचा आदेश काही सेकंदांत बहुतेक नेटवर्कभर पोहोचला की मागून आलेल्या खोट्या आदेशाला वाटच उरत नाही. दुकानाने अनेक नोडांवर कान ठेवायचे, दहा-वीस सेकंद विरोधी आदेश दिसला नाही की माल द्यायचा. कॉफीच्या कपाला, सँडविचला हे चालायचे. तेव्हाही भोके होतीच. २०१२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की दुकानाच्या नोडला एक आदेश आणि बाकी नेटवर्कला दुसरा, असे एकाच वेळी सोडले तर झटपट पेमेंटमध्ये फसवणूक सहज जमते. तरी छोट्या रकमांना हा धोका परवडत होता.

पण ‘पहिला पाहिला तो ठेवला’ हा बिटकॉइनचा नियम कधीच नव्हता. तो नोड चालवणाऱ्यांचा शिष्टाचार होता. साखळीच्या नियमांना दोन्ही आदेश सारखेच वैध असतात. ज्याची फी जास्त तो उचलण्यात मायनरचा फायदा असतो आणि शिष्टाचार पाळून त्याला काही मिळत नाही. फेब्रुवारी २०१६ च्या ०.१२ आवृत्तीत बिटकॉइन कोअरने ‘हा आदेश पुढे बदलला जाऊ शकतो’ अशी खूण असलेले आदेश जास्त फी घेऊन बदलू द्यायला सुरुवात केली. याचे नाव आरबीएफ, म्हणजे रिप्लेस-बाय-फी. हेतू चांगला होता, अडकलेल्या आदेशाची फी वाढवता यावी. दुकानांनी मग खूण नसलेलेच आदेश तात्काळ स्वीकारायचे असे ठरवले. २०२२ च्या २४.० आवृत्तीत खूण नसतानाही बदलू देण्याचा पर्याय आला, आणि ऑक्टोबर २०२४ च्या २८.० आवृत्तीत तेच मूळ सेटिंग झाले. आता खूण असो वा नसो, कोणताही अनकन्फर्म्ड आदेश थोडी जास्त फी भरून बदलता येतो. त्याला तंत्रज्ञ असावे लागत नाही. काही वॉलेटमध्ये सरळ ‘रद्द करा’ असे बटण असते. ते दाबले की त्याच बिटकॉइनचा, जास्त फीचा, स्वतःच्याच पत्त्यावरचा नवा आदेश निघतो. तुमच्या दुकानातून लेनच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरे.

चिरंजीवांनी वाचलेले खोटे नाही, जुने आहे. एवढा भेद त्यांना सांगा. मुलगा शिकू पाहतोय, त्याला चुकीचे ठरवून गप्प बसवू नका.

माझी स्वतःची चूकही सांगते, कारण त्यातून जे कळले ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. २०१७ ची अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोडवर मिरवणूक चालू, आणि आम्ही तिघे ऑफिसात. परदेशातल्या एका गिफ्ट कार्ड विकणाऱ्या दुकानाची यंत्रणा आम्ही बांधली होती. ठरावीक रकमेखाली अनकन्फर्म्ड पैसे चालतील असा नियम मीच लिहिला होता. बदलाची खूण तपासत होतो, फी तपासत होतो. त्या रात्री एकाच माणसाने मर्यादेच्या जरा खालच्या रकमेची एकामागून एक बरीच कार्डे घेतली. प्रत्येक आदेशावर खूण नव्हती, फी भरपूर होती. मग पाच-सात मिनिटांत सगळेच्या सगळे नाहीसे झाले. त्याने केले होते एवढेच की आम्हाला दिलेले बिटकॉइन स्वतःच एका अनकन्फर्म्ड आदेशातून आलेले होते आणि बदलाची खूण त्या मागच्या आदेशावर होती. त्याने तो मागचा आदेश बदलला, आणि त्यावर उभे असलेले आमचे सगळे आदेश आपोआप रद्द झाले. मी समोरचा चेक उलटसुलट करून पाहिला, पण चेक ज्या खात्यातून आला तिथेच पैसे नव्हते.

त्या रात्री दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक तर अनकन्फर्म्ड बिटकॉइनमधून आलेला आदेश म्हणजे उधारीवर उधारी, तो कधीच धरायचा नाही. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मर्यादा एका बिलाला लावून भागत नाही. त्या घडीला न वटलेले एकूण किती बाहेर आहे, त्याला मर्यादा हवी. चोर एकदा यशस्वी झाला की थांबत नाही आणि दुकान सैल आहे ही बातमी फार लवकर पसरते. मार्केट यार्डातला जुना व्यापारी एका चिठ्ठीकडे पाहत नाही, वहीतल्या त्या नावाच्या एकूण उधारीकडे पाहतो. मला ते कोडमध्ये लिहायला सुचले नाही. दुकानाची नुकसानभरपाई आम्ही आमच्या फीतून दिली.

मला खरे सांगायचे आहे ते आता येते. सगळे विचारतात, पैसे किती सेकंदांत येतात? मी उलटे विचारते, माल तुमच्या हातातून कधी सुटतो? पैसे वटायला अर्धा तास लागत असेल आणि माल तासाने सुटत असेल तर धोका शून्य आहे, मग तंत्रज्ञान कितीही संथ असो. माल ताबडतोब सुटत असेल आणि परत आणता येत नसेल, तर दहा सेकंदही जास्त आहेत.

खानावळ घ्या. माणूस चाळीस मिनिटे जेवतो आणि पैसे शेवटी देतो, मग दारात थांबवून ठेवायची वेळ येते. पैसे ऑर्डर देतानाच घेतले तर ताक येईपर्यंत बहुधा ब्लॉक आलेला असतो. परदेशातल्या एका हॉटेलमालकाला मी दुसरे काहीच करून दिले नाही, फक्त बिल आधी घ्यायला लावले. कुरिअरने माल पाठवणाऱ्यांना तर हा प्रश्नच नाही. पार्सल संध्याकाळी निघते, तोवर दोन-चार कन्फर्मेशन झालेली असतात, म्हणजे आदेशाचा ब्लॉक धरून तेवढे ब्लॉक जोडले गेलेले असतात. सॉफ्टवेअरचे लायसन्स, ऑनलाइन वर्गाची नोंदणी अशा गोष्टी नंतर बंद करता येतात, तिथे थोडी ढील चालते. आणि रोख रक्कम, गिफ्ट कार्ड, दुसरे नाणे, सोने-चांदी हे सगळे हातातून सुटले की गेले. तिथे अनोळखी माणसाकडून अनकन्फर्म्ड कधीच नाही.

तुमचा माल याच शेवटच्या गटातला आहे. पण तुमच्याकडे असे एक साधन आहे जे कॉफीवाल्याकडे नाही. चांदीच्या दुकानात कामे असतात. पैसे आधी घ्या, मग अंगठीचे माप जुळवा, साखळीला पॉलिश करा, वजन करून दाखवा, डबी भरा, जीएसटीची पावती करा. हे सगळे शेवटी ठेवले तर वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात आणि गिऱ्हाइकाला आपण ओलीस आहोत असे वाटत नाही. त्याला घाई असेल तर ‘संध्याकाळी तुमच्या हॉटेलवर मुलगा आणून देईल’ असे सांगा. ही आपल्याकडची नेहमीची सेवा आहे, त्यात अविश्वास दिसत नाही.

फीबद्दल मात्र सुरुवातीलाच बोला. ‘पुढच्या ब्लॉकचा दर लावा, वरचे पैसे मी बिलातून कमी करतो’ असे सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. एवढे करूनही आदेश अडकला तर तुम्हालाही हातपाय हलवता येतात. मिळणारी रक्कम अनकन्फर्म्ड असतानाच स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर मोठी फी लावून पाठवा. ती मोठी फी हवी असेल तर मायनरला आधी मागचा आदेश उचलावाच लागतो. आणखी एक फायदा असा की मूळ आदेश बदलू पाहणाऱ्याला आता दोन्ही आदेशांच्या एकूण फीपेक्षा जास्त फी मोजावी लागते. चोर त्याने थांबेलच असे नाही, पण प्रामाणिक गिऱ्हाइकाचा खोळंबा संपतो.

किती कन्फर्मेशन पुरेशी? ३८,००० रुपयांना एक. नाकामोतोच्या २००८ च्या लेखातल्या गणिताप्रमाणे जगातल्या एकूण मायनिंग ताकदीपैकी (ब्लॉक शोधणाऱ्या यंत्रांच्या ताकदीपैकी) दहा टक्के ताकद असलेला लबाड माणूस एका कन्फर्मेशननंतर सुमारे वीस टक्के वेळा व्यवहार उलटवू शकतो, दोननंतर पाच टक्के, आणि पाचनंतर हजारात एकापेक्षाही कमी. वीस टक्के वाचून लोक घाबरतात. पण एवढी ताकद बाळगणारा चांदीच्या पैंजणांसाठी ती वापरत नाही. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे, म्हणजे कोट्यवधी रुपये. तुमचा आदेश उलटवण्यासाठी त्याला तेवढे पणाला लावावे लागेल. फ्लॅट किंवा गाडी असेल तर सहा थांबा. छोट्या नाण्यांना मात्र हा हिशोब लावू नका. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर आणि जानेवारी २०१९ व ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर कन्फर्म झालेले व्यवहार उलटवले गेले, कारण त्या साखळ्यांमागची ताकद भाड्याने घेता येण्याइतकी कमी होती. कोणी अनोळखी नाणे पुढे केले तर नम्रपणे नकार द्या.

खरोखरच काउंटरवरचे झटपट पेमेंट हवे असेल तर त्याचे उत्तर लाइटनिंग आहे, म्हणजे बिटकॉइनच्या साखळीवरच उभे केलेले झटपट पेमेंटचे जाळे. चिरंजीवांनी आपली हौस तिकडे वळवावी असे मला वाटते. लहान मुलांची मण्यांची पाटी आठवा. दोघांत एक तार असते, तिच्यावर ठरावीक मणी. ही तार बांधण्याचा व्यवहार साखळीवर आधीच वटलेला असतो. मग पैसे देणे म्हणजे मणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकवणे, आणि अनोळखी दोघांमध्ये अशा अनेक तारा जोडून रस्ता तयार होतो. एखाद्याने जुनी, स्वतःच्या सोयीची मांडणी साखळीवर टाकून फसवायचा प्रयत्न केला तर समोरचा त्याचे सगळे मणी जप्त करू शकतो. म्हणून दुकानाच्या फोनवर ‘मिळाले’ दिसले की ते खरोखर मिळालेले असते, आणि तेही काही सेकंदांत. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी ही कल्पना मांडली आणि २०१८ पासून ती मुख्य नेटवर्कवर चालू आहे.

नव्या दुकानदाराचे पाऊल अडखळते ते इथे: तुम्ही स्वतः पैसे घालून तार बांधलीत तर सगळे मणी तुमच्याच बाजूला असतात, मग तुमच्याकडे सरकवायला कोणाकडे मणीच नाहीत. घेण्याची क्षमता वेगळी मिळवावी लागते, सहसा थोडे पैसे देऊन. ३८,००० ची रक्कम एका रस्त्याने जाईलच असेही नाही, म्हणून आधी चारशे-पाचशे रुपयांच्या कानातल्यांवर सुरुवात करा. काही लाइटनिंग वॉलेटमध्ये पैसे कंपनीच्याच ताब्यात असतात. ती सोय असते, पण मग ती बँकेतली ठेव समजू नका आणि रोज संध्याकाळी काढून घ्या.

आणखी एक शक्यता सांगून ठेवते, कारण हल्लीचे प्रवासी बिटकॉइनपेक्षा यूएसडीटी, म्हणजे टेथर कंपनीचे डॉलरशी बांधलेले नाणे, जास्त पुढे करतात. ट्रॉन साखळीवर ब्लॉक तीन सेकंदांना येतो आणि मिनिटभरात व्यवहार पक्का धरता येतो. इथेरियमवर ब्लॉक बारा सेकंदांना दिसला तरी पूर्ण पक्के व्हायला तेरा मिनिटांच्या आसपास लागतात. तिथली फसवणूक वेगळी आहे. यूएसडीटी हे नाव कोणीही कोणत्याही टोकनला देऊ शकतो. वॉलेटमध्ये नाव आणि आकडा हुबेहूब दिसतो, टोकन मात्र कवडीमोल. नाव पाहू नका, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (साखळीवरची त्याची खरी ओळख) टेथरच्या अधिकृत पत्त्याशी पडताळा.

गिऱ्हाइकाच्या फोनवरची बरोबरची खूण तर कोणत्याही नाण्याला पुरावा मानू नका. यूपीआयच्या खोट्या स्क्रीनशॉटनी पुण्यातल्या किती टपरीवाल्यांना गंडवले ते आपण पाहिलेच आहे. म्हणून तर साउंडबॉक्स आले. तोच धडा इथे लागू आहे, बोलायला हवे ते तुमचेच यंत्र. प्रत्येक बिलाला नवा पत्ता आणि स्क्रीनवरचा क्यूआर वापरा, भिंतीवर छापून लावलेला नको. त्यावर दुसरा कागद चिकटवायला पाच सेकंद लागतात. आणि बिटकॉइनचा भाव बिल करतानाच ठरवा, पंधरा मिनिटांची मुदत द्या, नाहीतर भावाच्या चढउतारावरून वाद होतात.

कायद्याचे थोडक्यात. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून रोखणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केले, पण बिटकॉइन भारतात कायदेशीर चलन झालेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएसची तरतूद आहे. तुमची विक्री मात्र विक्रीच राहते. चांदीच्या दागिन्यांवरचा तीन टक्के जीएसटी रुपयांतल्या किमतीवर भरायचाच. परदेशी माणसाकडून क्रिप्टो घेण्यात परकीय चलनाच्या नियमांचाही प्रश्न येतो, म्हणून पुढचे बिल फाडण्याआधी तुमच्या सीएंशी बोला आणि सल्ला लेखी घ्या. माझा प्रामाणिक सल्ला असा की पुण्यात बसून परदेशी पाहुण्याला पहिला पर्याय कार्डाचा किंवा परदेशी प्रवाशांसाठी असलेल्या यूपीआय वन वर्ल्डचा द्या. तो माल तितक्याच घाईने नेऊ शकेल आणि तुम्हाला ब्लॉककडे डोळे लावून बसावे लागणार नाही.

आता घरात निकाल लावायचा असेल तर एक प्रयोग करा. एखाद्या दुपारी दुकान रिकामे असताना चिरंजीवांना काउंटरच्या पलीकडे उभे करा आणि तुम्ही गल्ल्यावर बसा. त्यांच्या फोनवर ‘रद्द करा’ची सोय असलेले वॉलेट, तुमच्या फोनवर दुसरे. त्यांनी स्वतःच्या पैशातून हजारभर रुपयांचे बिटकॉइन अगदी स्वस्त फीने तुम्हाला पाठवावेत. तुमच्या फोनवर रक्कम दिसली की एक चांदीचे नाणे त्यांच्या हातात द्या. मग त्यांना दाराबाहेर जाऊन रद्दचे बटण दाबू द्या. पैसे घरातल्या घरात राहतील, जाईल ती फक्त थोडी फी. तुमच्या स्क्रीनवरचा आकडा नाहीसा होताना दोघांनी मिळून पाहा, आणि मग बसून दुकानाचा नियम दोघांनी मिळून लिहा.